बांधावरून जाताना मारायची हाक

रोह्याच्या एका वाचनालयात दाराजवळ लाकडी टेबल आहे आणि टेबलामागे एक खुर्ची. त्या खुर्चीत माझी धाकटी जाऊ बसते. ती तिथली ग्रंथपाल. तिला दिसत नाही. ती खुर्ची तिच्याकडे राहावी म्हणून मी एक उद्योग केला होता. तो आधी जमला, मग अंगाशी आला, आणि त्यानंतर काय झालं ते सांगायला मी बसले आहे. माझी सवय अशी, की बोलायला लागले की पेणहून निघते, नागोठण्याला उतरते आणि चहा पिऊन परत पेणला येते. नवरा म्हणतो, "रोह्याची यष्टी पकडलीस ना गो? मग रोह्याला जा की!" तेव्हा आज सरळ रोह्याला जाते.

पण मी कोण ते तरी सांगायला हवं. माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर कामाला. लग्न होऊन पेणला आले. नवरा नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करायची. लग्नपत्रिका, पोह्याच्या पापडांच्या पाकिटांवरची लेबलं, गणपतीच्या कारखान्यांची कार्डं. कंप्युटर मला कुणी शिकवला नाही. छापताना जोडाक्षरं तुटायची, ती का तुटतात ते शोधत शोधत मी आत आत गेले. आधी फॉन्टच्या आत, मग छोट्या प्रोग्रॅमांच्या. मांडीवर इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश, समोर गॅसवर भात. भात पुष्कळदा लागला. घरातले करपलेला भात खायला शिकले आणि मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. साठी उलटली तरी अजून शिकतेच आहे.

जावेच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. तो एकदम दार लावून घेत नाही, रोज एक फळी लावतो. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं धूसर, मग उजेड आणि अंधार एवढाच फरक. या काळात तिनं एक काम केलं, कुणाला न सांगता. वाचनालयाची कपाटं पाठ केली. कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, डावीकडून साधारण कुठे काय, सगळं. वाचक यायचे, पुस्तक मागायचे, ती उठून हात लावून काढून द्यायची. कित्येकांना महिनोन्‌महिने कळलंच नाही.

अडलं ते कंप्युटरपाशी. पुस्तक दिल्या-घेतल्याची नोंद एका जुन्या प्रोग्रॅममध्ये व्हायची. तो ज्यानं बनवला तो माणूस गाव सोडून गेलेला, त्याचा फोनही लागत नाही. दिसत नसलेल्यांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, तो तिनं घातला. पण तो या जुन्या यादीवर आला की मुका व्हायचा, नाहीतर भलतंच बडबडायचा. तिनं मला फोनवर ऐकवलं. "एक्स, कंस, पाच, झेड..." असं काहीतरी.

"ही कुठली गो कादंबरी?" मी विचारलं.

"मलाच म्हाईत नाय, ताई. पण सगळीच पुस्तकं हिनंच लिहिलेली दिसतायत."

हसलो दोघी. मग ती म्हणाली, "कमिटी म्हणतेय महिनाभर बघू. मग दुसरं कोणीतरी बसवतील."

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. वाईट माणूस नाही. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "वहिनी, त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण नोंद दुसऱ्यानं करायची आणि पगार त्यांनी घ्यायचा, हे मी सभेत कसं सांगू?" बरोबरच होतं. पण जावेला ती खुर्ची म्हणजे नुसता पगार नव्हता. घरात ती भिंत धरून चालायची. वाचनालयात मात्र चपला वाजवत चालायची.

आता थोडं कंप्युटरचं. घाबरू नका, मीही घाबरतच शिकले.

ऑपरेटिंग सिस्टीम ही कंप्युटरची मालकीण. बाकीचे प्रोग्रॅम तिच्या जमिनीवर राहणारी कुळं. अक्षर काढायचं, फाइल उघडायची, आवाज करायचा, सगळं तिला विचारून. ती बनवणारी कंपनी एक जाडजूड माहितीपुस्तक देते. त्यात लिहिलेलं असतं, ही आमची दारं, या दाराशी असं विचारा, असं उत्तर मिळेल. या दारांबद्दल कंपनीनं शब्द दिलेला असतो, की उद्या या, परवा या, दार इथंच असेल. पण घराच्या आत आणखी वाटा असतात, घरच्यांच्या वापरातल्या. त्या चालतात, पण पुस्तकात त्यांचं नाव नसतं आणि त्यांच्याबद्दल कुणी शब्दही दिलेला नसतो.

वाचून दाखवणारा प्रोग्रॅम पुढच्या दारानं विचारायचा, "या ओळीत काय लिहिलंय?" आणि वाचनालयाचा जुना प्रोग्रॅम उत्तर द्यायलाच शिकलेला नव्हता. तो अक्षरं सांगायचा नाही, चित्र काढावं तशी नुसती पडद्यावर काढायचा. तीसुद्धा जुन्या फॉन्टात, ज्यात डोळ्यांना 'क' दिसतो पण आत इंग्रजी चिन्ह असतं.

फॉन्टाचं मला भय नव्हतं. कुठल्या चिन्हाआड कुठलं मराठी अक्षर बसलंय ते वीस वर्षांच्या पत्रिकांनी बोटांत भरलं होतं. प्रश्न होता तो ती चिन्हं हातात यायची कशी याचा. आणि इथं मला मिठागर आठवलं. मिठागरात वाफे कितीही असोत, खाडीचं पाणी आत येतं ते एका चिंचोळ्या पाटातून. त्या पाटाशी उभं राहिलं की कुठल्या वाफ्यात किती पाणी चाललंय ते सगळं दिसतं. मी म्हटलं, कुठलाही प्रोग्रॅम असो, त्याची अक्षरं काचेवर येण्याआधी सिस्टीमच्या आत कुठल्या तरी एका पाटातून जात असणारच.

होता तसा पाट. पुस्तकात नव्हता. इंटरनेटवर, परक्या देशातल्या कुणा भल्या माणसानं तो शोधून लिहून ठेवला होता, आणि खाली सूचना: ही वाट कंपनीनं सांगितलेली नाही, उद्या असेल असं समजू नका, आपल्या जबाबदारीवर जा. मी शब्दकोश घेऊन ती सूचना दोनदा वाचली आणि पुढे गेले. आपण औषधाच्या बाटलीवरचं वाचतो ना, तसं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मागल्या दारानं लोकांच्या घरात?"

"घरात नाय हो. पाटावर."

"पाट कोणाच्या जमिनीत हाय?"

मी भाजी चिरायला घेतली.

त्याच्या बोलण्यानं मला वडिलांची एक गोष्ट मात्र आठवली होती. मिठागराहून रस्त्याला जायला एक जवळची वाट होती, दुसऱ्याच्या भातखाचराच्या बांधावरून. नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही. सगळे जायचे. पण बांधावर पाय ठेवण्याआधी वडील थांबायचे आणि हाक मारायचे, "येतंय हो!" पलीकडून आवाज यायचा, "ये, जपून!" मग जायचं. कधी उत्तर यायचं, "आज नको, बांध ओला हाय," की मग मोठा वळसा. मी विचारायची, रोज काय ओरडायचं? वडील म्हणायचे, "वाट त्याची हाय. आपली फक्त सवय हाय."

आठवलं खरं, पण भाजी चिरून झाली आणि तेही बाजूला पडलं.

तीन आठवडे लागले. मी एक छोटी फाइल बनवली, ती त्या जुन्या प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवायची. पाटातून अक्षरं जायला लागली की ती ओंजळ भरून घ्यायची, फॉन्टाची चिन्हं खऱ्या मराठीत बदलायची आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात द्यायची. रोह्याला गेले, दुपारी वाचनालय बंद असताना फाइल ठेवली. जावेनं खाली जाण्याचा बाण दाबला. कंप्युटर स्वच्छ आवाजात एका पाकशास्त्राच्या पुस्तकाचं नाव बोलला. तिनं पुन्हा दाबला. प्रवासवर्णन. पुन्हा दाबला. दाबतच राहिली. वीस-पंचवीस पुस्तकं झाल्यावर म्हणाली, "ताई, आवाज थोडा वाढव. त्या कोपऱ्यातल्या कपाटांना पण ऐकू जाऊ दे."

महिना संपायच्या आत ती नोंदी करायला लागली. अध्यक्षांनी विचारलं, जमलं कसं? ती म्हणाली, "ताईंनी काहीतरी केलं." मी म्हणाले, "सेटिंग होतं." झालं. सेटिंग! केवढा मोठा शब्द आहे हा, त्याच्याखाली काहीही झाकतं. अध्यक्ष खूश, मी खूश. त्यांच्याच कंप्युटरात मी काय ठेवलंय ते मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर कदाचित नको म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही.

पावणेदोन वर्षं छान गेली. आणि मग वाचनालयाला कुणीतरी नवा कंप्युटर भेट दिला.

नव्या कंप्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम. तो लावायला आलेल्या तंत्रज्ञानं जुन्यातला सगळा फोल्डर उचलून नव्यात टाकला. त्यात माझी फाइलही गेली. जावेला वाटलं, ताईला कशाला त्रास द्यायचा, सगळं तसंच तर आहे. सोमवारी सकाळी वाचनालय उघडलं. प्रोग्रॅम उघडला की पडायचा. पुन्हा उघडला, पुन्हा पडला. आधी फक्त तिला अडचण होती. आता डोळे असलेल्यांनाही यादी दिसेना. वाचकांची रांग. तंत्रज्ञ आला, त्यानं इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईंच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. दिसत नाही ना त्यांना."

हे तो सगळ्यांसमोर म्हणाला.

मला फोन आला. "ताई, नव्या कंप्युटरवर यादी उघडतच नाय." तिचा आवाज अगदी सपाट होता. मला दुसरं वाक्य लागलंच नाही. मला कळलं. नव्या सिस्टीममध्ये कंपनीनं आतला पाट हलवला असणार. त्यांची जमीन, त्यांचा पाट. आणि माझी फाइल पाट आहे की नाही ते न बघता, मोजलेली पावलं टाकत, जुन्याच जागी जाऊन आपटत होती. आपटताना वाचनालयाच्या प्रोग्रॅमलाही घेऊन पडत होती.

यष्टीत खिडकीशी बसले. वडाचं झाड गेलं, पूल गेला, मला काही दिसलं नाही. मी दहा वर्षांची झाले होते. एकदा शाळेला उशीर झाला म्हणून मी हाक न मारता त्या बांधावरून धावले होते. बांध आदल्या दिवशीच भरलेला. नवा भरलेला बांध वरून टणक दिसतो, आत नुसतं दही असतं. माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला, बांधाचा लचका तुटला, आणि भरतीचं खारं पाणी त्या माणसाच्या रोपांत शिरलं. मी पळाले. कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी वडिलांनी माझा चिखलानं माखलेला परकर पाहिला. दुसऱ्या दिवशी फावडं घेतलं, मला घमेलं दिलं, आणि आम्ही त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहिलो. "पोरीनं केलंय," वडील म्हणाले, "ती सांगंल." आणि बाजूला झाले. मला सांगावं लागलं. मग दिवसभर मी चिखल वाहिला.

वाचनालयात पोचले तेव्हा अध्यक्ष, तंत्रज्ञ आणि दोन सभासद टेबलाभोवती उभे होते. जाऊ खुर्चीत नव्हती. कपाटाला पाठ लावून उभी होती. मी कंप्युटरवर बसले, माझी फाइल काढून टाकली. प्रोग्रॅम उघडला. पहिल्या फटक्यात.

"चला, सुटलो," अध्यक्ष म्हणाले.

तंत्रज्ञ म्हणाला, "जुने प्रोग्रॅम हो, कधी कधी होतं असं."

बघा, तिथं मला सुटता आलं असतं. कुणी काही विचारलं नव्हतं. पण "बाईंच्या हातून" हे वाक्य त्या खोलीत अजून तसंच होतं, आणि ते कुणी उचलून बाहेर टाकलं नव्हतं. मी उभी राहिले. म्हणाले, "तिनं काही दाबलं नाही. हे माझ्यामुळे झालं." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाट, फाइल, सगळं.

अध्यक्षांचा चेहरा हेडमास्तरांचा झाला. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही आमच्या कंप्युटरात परस्पर काहीतरी घालून ठेवलंत? आणि मला म्हणालात सेटिंग?"

"हो."

"वहिनी, विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही नको म्हणाल अशी भीती वाटली."

"मी नको म्हणालो असतोच!"

"म्हणून तर."

एका सभासदाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "आता यांचं काय? यांना यादी पुन्हा ऐकू येत नाही, ते तसंच राहिलं." जाऊ कपाटापाशीच होती. ती म्हणाली, "सर, वार्षिक सभेपर्यंत वेळ द्या. तोवर नोंदी मी वहीत घालीन, ब्रेलमध्ये, शिकलेय मी. नाय जमलं तर मीच चावी देते." सभा सहा आठवड्यांवर होती. अध्यक्ष म्हणाले ठीक आहे.

घरी आले आणि खरं सांगते, पहिला मोह पुन्हा तोच झाला. नव्या सिस्टीममधला नवा पाट कुठे गेलाय तेही कुणीतरी शोधून लिहिलंच होतं. चार दिवसांचं काम. नवऱ्याला म्हटलं. तो पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "परत हलवला तर?"

"परत शोधीन."

"आणि तू नसलीस तर तिनं काय करायचं?"

हा माणूस दिवसाला तीन वाक्यं बोलतो आणि त्यातलं एक असं असतं.

तेव्हा ठरवलं, वाचनालयाची नवी नोंदवही आपणच लिहायची. नवा प्रोग्रॅम, खऱ्या मराठी अक्षरांत, आणि पुढच्या दारानं कुणी विचारलं तर नीट उत्तर देणारा. मग कंपनीनं आत काही का हलवेना. पण एक अडचण राहिलीच. हजारो पुस्तकांची यादी त्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात होती, आणि तो ती बाहेर द्यायला तयार नव्हता. त्याच्या फाइलींची रचना त्यालाच ठाऊक. यादी दिसायची फक्त पडद्यावर, एक ओळ, मग दुसरी.

मात्र जुना कंप्युटर अजून वाचनालयाच्या मागच्या खोलीत होता. त्यात जुनी सिस्टीम होती. आणि तिच्यात तो पाट होता.

या वेळी मी आधी पत्र लिहिलं. दोन पानं. मी काय करणार, कुठल्या न सांगितलेल्या वाटेनं जाणार, ती का भरवशाची नाही, काय बिघडू शकतं, बिघडू नये म्हणून आधी सगळ्याची नक्कल कशी काढून ठेवीन, इंटरनेटची वायर कशी काढीन, आणि काम झालं की माझी फाइल कुणासमोर पुसीन. अध्यक्षांनी पत्र चष्मा पुसून वाचलं. मास्तरच ते, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग खाली लिहिलं, "परवानगी आहे. जपून."

मी तो शेवटचा शब्द पुन्हा वाचला. त्यांना काय ठाऊक, त्यांनी काय लिहिलं होतं ते.

फाइलही मी दुरुस्त केली. आता ती आधी विचारायची, तू तीच सिस्टीम आहेस ना? तो पाट इथं आहे ना? उत्तर नाही आलं तर गुपचूप मागे फिरायची, कुणाला न पाडता. चार ओळी. चार ओळी हो फक्त! त्या मी पहिल्या वेळी लिहिल्या असत्या तर त्या सोमवारी ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली नसती.

मग आम्ही दोघी मागच्या खोलीत बसलो, दुपारच्या, नऊ-दहा दिवस. बाण दाबायचा, नाव बोललं जायचं आणि त्याच वेळी एका नव्या यादीत लिहिलं जायचं. बाण प्रोग्रॅमकडूनही दाबून घेता आला असता, मी तशी तयारीही केली होती. जाऊ म्हणाली, "नको, मी दाबते. एवढी वर्षं सांभाळलीत, एकदा सगळ्यांना भेटते."

आणि भेटत भेटत ती बोलायला लागली.

"हे? ह्याची शेवटची पानं नायत. वाचकाला आधी सांगावं लागतं, नायतर खून कोणी केला ते विचारायला माझ्याकडं येतात."

"हे कोणी नेतच नाय. चांगलं हाय. मी दोनदा वाचलंय."

"हे घरी नेलं की परत येत नाय बघ. गेल्या खेपेला एका बाईच्या उशाखालनं आणलं."

"ह्याला रॉकेलचा वास हाय. डोळे मिटून सापडतं." मग स्वतःच हसली. "डोळे मिटून म्हणे."

मी बोटं आवरून बसले होते. एकाएकी मला वाटलं, अगं, हे सगळं तर कुठेच लिहिलेलं नाही! या वाचनालयाच्या खऱ्या वाटा हिच्या डोक्यात आहेत. मी नव्या नोंदवहीत एक जास्तीचा रकाना केला: ग्रंथपालाची टीप. ती बोलेल ते त्यात. पुस्तक कुठं, कसं आहे, कुणाला आवडेल. पहिल्या दिवशी जाऊ लाजली. तिसऱ्या दिवशी मला दटावायला लागली, "ताई, रॉकेलचं लिहिलंस का?"

यादी पुरी झाली. अध्यक्षांसमोर मी माझी फाइल पुसली. ते म्हणाले, "पुसली कशावरून?" मी म्हटलं, "घ्या, स्वतः शोधा." त्यांनी खरंच शोधली.

वार्षिक सभेत नवी नोंदवही नव्या कंप्युटरवर चालवून दाखवली. मी नव्हे, जावेनं. एका सभासदानं मुद्दाम अवघड विचारलं. म्हणे, "लहानपणी इथं एक पुस्तक वाचलं होतं, नाव आठवत नाही, त्यात एक होडी होती आणि एक आंधळा कुत्रा होता." सगळे हसले. जावेनं 'होडी' लिहून शोधलं, तीन नावं ऐकली आणि म्हणाली, "तिसरं. चौथं कपाट, खालून दुसरी फळी. पण कुत्रा आंधळा नाय, म्हातारा हाय. आंधळी मी." सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग अध्यक्षच पहिल्यांदा हसले, आणि मग सगळे. खुर्चीचा विषय कुणी काढलाच नाही. सभा संपल्यावर मी तिला विचारलं, "मग? काय ठरलं?" ती म्हणाली, "चावी माझ्याकडंच हाय की." आणि पर्समधून वाजवून दाखवली.

तंत्रज्ञही आला होता. जाताना तिच्यापाशी थांबून म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी बोललो ते..." ती म्हणाली, "राहू दे रे. पण पुढच्या वेळी फोल्डर उचलताना आधी हाक मार." तिला मी बांधाची गोष्ट सांगितली होती, त्या मागच्या खोलीत.

मी माझ्या प्रोग्रॅमची एक वही केली आहे, मराठीत. कुठलं बटण काय करतं, यादी बाहेर कशी काढायची, उद्या मी नसले तर दुसऱ्यानं कुठून सुरुवात करायची. तीच वही मी वाचून रेकॉर्डही केली, जावेसाठी. तिची तक्रार आहे की मध्ये मी नागोठण्याला उतरते.

आता परवाची गोष्ट. मी नव्या नोंदवहीची साफसफाई करत होते. बनवताना तपासणीसाठी मी आत एक सोय ठेवली होती: एक ठरावीक बटण लागोपाठ दोनदा दाबलं की अख्ख्या कपाटाची नावं न थांबता, भरभर बोलली जातात. ती माझी माझ्यापुरती. वहीत लिहिलेली नाही, कुणाला सांगितलेली नाही. म्हटलं, आता काय काम तिचं? काढून टाकली आणि नवी आवृत्ती रोह्याला पाठवली. पाठवताना मात्र, शिकले होते ना, आधी फोन केला. "लावायच्या आधी ऐक, काय काय बदललंय ते सांगते." आणि यादी वाचायला लागले.

मध्येच ती ओरडली. "ताई! थांब! ती सोय काढलीस?"

"तुला ठाऊक होती?"

"अगो, चुकून दाबलं गेलं होतं एकदा. सकाळी वाचनालय उघडलं की मी तेच लावते. सगळी कपाटं एकदा बोलून घेतात. त्याच्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाय. मी रोज तिथनं जाते गो!"

आयुष्यभर मी दुसऱ्याच्या बांधावरून गेले. माझ्याही बांधावरून कुणी रोज जात असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

नवरा आतून म्हणाला, "काय झालं? कोण काय म्हणतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. मग फोनमध्ये म्हणाले, "ये गो, ये. जपून." सोय परत घातली. आणि वही उघडून, शेवटच्या पानावर, ते बटणही लिहून ठेवलं.